नोकरी सांभाळून एमए करायचंय, पण एकाच विषयाचं नको. नाशिककरांनो, वाट सुचवा

लेजरवाली
नमस्कार. बी.कॉम. होऊन बरीच वर्षं झाली. अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. आता एमए करावंसं वाटतंय, बढतीसाठी नाही, स्वतःसाठी. इतिहास, समाजशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान, थोडं अर्थशास्त्र असं एकत्र हवंय. अमेरिकेत ‘मास्टर ऑफ लिबरल स्टडीज’ नावाने नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात, तसं आपल्याकडे काय आहे? नोकरी सुटणार नाही आणि नाशिकही. मार्च एंडला आणि सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटला मी घरच्यांच्याही हाती लागत नाही, हे धरून सांगा.

सिडको_स्टॉप
ताई, या वयात एमए करून काय मिळणार? त्यापेक्षा डेटा ॲनालिटिक्स करा, मार्केट आहे.

पांथस्थ
बढतीसाठी नाही असं त्यांनी लिहिलंय, साहेब. चष्मा लावा.

जुना_बाक
सातपूरला शिफ्टची नोकरी करत इग्नूतून, म्हणजे केंद्राच्या दूरस्थ शिक्षणाच्या मुक्त विद्यापीठातून, एमए केलंय, म्हणून सांगतो. अशोका विद्यापीठाची यंग इंडिया फेलोशिप वगैरे नावं कानावर येतील. ती पूर्णवेळ आणि निवासी, तुमच्या कामाची नाही. ‘लिबरल आर्ट्स’ ही पाटी शोधत बसू नका. इग्नूत गांधी आणि शांतता अध्ययन, विकास अध्ययन, जेंडर अँड डेव्हलपमेंट असे एमए आहेत. नाव एक, पण आत इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र सगळं येतं. बी.कॉम. चालतं.

आता तुमच्या भाषेत. बहुतेक एमए ८० क्रेडिटचे. एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरलेला असतो, म्हणजे २४०० तास. दोन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला २३ तास, ते नोकरी करून होत नाही, कोणी काही म्हणो. पण मुदत चार वर्षांची असते. तेवढी घेतली की साडेअकरा तासांवर येतं. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी एक तास आणि शनिवार-रविवार मिळून साडेसहा. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे तुमचे दोन्ही कसोटीचे महिने सुटतात. एका खेपेला सगळे पेपर देऊ नका, दोन-तीन द्या. स्वाध्याय मात्र वेळेत, ३० टक्के गुण त्यांचे असतात आणि लोक तिथेच ढेपाळतात.

एक अडचण: माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतच लिहायचं असेल तर आपल्या गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. १९८९ पासून आहे आणि संपर्कसत्रं अभ्यासकेंद्रावर होतात. तिथे एकेका विषयाचा एमए घेऊन बाकीचं आपलं आपण वाचावं लागेल.

गोदाघाटी
कोर्स कुठलाही घ्या, पण प्रबंधिका किंवा प्रकल्प असलेला घ्या. विषयांची सरमिसळ खरी तिथे होते आणि अकाउंट्सवालीला तर नाशिकमध्येच घबाड आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपान राजाच्या जावयाचा, ब्राह्मी लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज करा: २४०. लेख म्हणतो, वर्षावासातल्या (पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. टॅली होतंय!

आता यात इतिहास किती, अर्थशास्त्र किती, धर्म किती, आणि विणकरांवर राजाच्या जावयाने एवढा भरवसा का टाकला हे समाजशास्त्र किती, हे वेगळं काढून दाखवा. मी हा लेख आधी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) पुस्तकातून वाचला, मग वर जाऊन पाहिला. सावानाचं सभासदत्व घेऊनच टाका. १८४० चं वाचनालय आहे, आणि इग्नूच्या पुस्तिकांबाहेरचं वाचायला लागणारच.

लेजरवाली
२४० चा हिशेब मी आत्ता वहीत मांडून बघितला 😄 चार वर्षांचं गणित पटलं. दोन शंका. दूरस्थ पदवीला किंमत असते का? आणि पुढेमागे नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, द्यावीशी वाटली तर?

जुना_बाक
यूजीसीची मान्यता असलेल्या दूरस्थ पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात, तसं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. फक्त त्या वर्षासाठी, त्या कोर्सला मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. नेटला खुल्या गटात ५५ टक्के लागतात आणि एमएचा विषय नेटच्या यादीत आहे का ते बघावं लागतं. तो विचार पक्का असेल तर सरळ इतिहास किंवा समाजशास्त्र घ्या. नसेल तर चार वर्षांनंतरच्या परीक्षेसाठी आजची आवड मारू नका.

पांथस्थ
सव्वाशे टक्के सहमत. आणि ऑफिसात आत्ताच बोंबलू नका, पहिले पेपर निघेपर्यंत तरी. आमच्याकडे कळल्यावर रविवारचं स्टॉकटेकिंग मुद्दाम माझ्याच गळ्यात पडायचं.

गोदाघाटी
अजून एक. आता प्रवेशाआधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) काढावा लागतो. आधारवरचं आणि बी.कॉम.च्या मार्कशीटवरचं नाव सारखं आहे का ते आजच बघा. लग्नानंतर बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र नाहीतर गॅझेट हाताशी ठेवा, फॉर्म बहुतेकदा तिथेच अडकतो.