झेब्रा हॉवर्थिया आणि आपला पावसाळा : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, धागा मुद्दाम काढतेय. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. एप्रिलमध्ये नर्सरीतून दोन झेब्रा हॉवर्थिया आणली, तीच ती छोटी, गडद हिरव्या टोकदार पानांवर पांढरे खडबडीत पट्टे असलेली. मे महिनाभर मस्त होती. पावसाळा लागला तरी मी आपली दर दोन दिवसांनी पाणी घालतच राहिले आणि परवा त्यातलं एक नुसता हात लावला तर मुळापासून सुटून हातात आलं, खालची पानं लिबलिबीत, मातीला कुबट वास. फार वाईट वाटलं. दुसरं अजून धड आहे आणि ते मला घालवायचं नाहीये. ज्यांच्याकडे इथल्या हवेत हे झाड वर्षानुवर्षं टिकलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, माती कोणती, पाणी किती, ठेवता कुठे.

खारघर, सातवा मजला, बाल्कनी डोंगराच्या बाजूला. माझ्याकडे ६ वर्षं आहे, एका कुंडीच्या आता नऊ झाल्यात. सगळ्यात आधी नर्सरीची माती काढा. ती बहुतेक नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असते, आपल्या दमट हवेत ती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि मुळांना हवा मिळाली नाही की ती सडतात. मी दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग भरड वाळू आणि एक भाग साधी कुंडीतली माती घेते. विटांची धूळ मात्र चाळून टाकायची, नाहीतर तिचाच चिखल होऊन बसतो. कुंडी मातीची, लहान, खाली भोक असलेली, आणि खालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की सगळ्या कुंड्या ग्रिलमधून घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा पाणी, तेही जरा उघडीप असेल तर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी साधारण दहा-बारा दिवसांनी. पण दिवस मोजण्यापेक्षा उदबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसा, ओली माती चिकटून आली तर पाणी नाही म्हणजे नाही.

वरच्या ताईंचं माती आणि पाण्याचं सगळं पटलं. फक्त घरात ठेवताना उजेडाचं बघा. मी ऐरोलीला ऑफिसच्या डेस्कवर खिडकीपासून लांब ठेवलं होतं, चार महिन्यांत पानं फाकली, मधला भाग लांब आणि फिकट झाला. एकदा असं ताणलं की तो भाग परत आखूड होत नाही, नवीन पानं तेवढी नीट येतात. आता पूर्वेच्या खिडकीत आहे, सकाळचं कोवळं ऊन मिळतं.

नेरूळहून लिहितोय, बॉटनी शिकलोय म्हणून थोडी माहिती. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपचं, तिथे झुडपांच्या आडोशाला वाढतं, म्हणून भर दुपारचं ऊन त्याला नको असतं. मे महिन्यात पानं तांबूस व्हायला लागली तर ते ऊन जास्त झाल्याचं लक्षण, सावलीत सरकवा, हिरवी होतात. कोरफडीच्याच कुळातलं आहे. हॉवर्थिया हे नाव एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं, २०१३ मध्ये यातल्या काही जाती वेगळ्या काढून हॉवर्थिऑप्सिस असं नाव दिलं गेलं. आणि झेब्राच्या नावाने दोन जाती विकल्या जातात, फॅसिआटा आणि अ‍ॅटेन्युआटा; लेबलवर फॅसिआटा लिहिलेलं असलं तरी पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून बघा, आत गुळगुळीत असेल तरच फॅसिआटा. आतही दाणे लागले तर अ‍ॅटेन्युआटा, आणि बाजारात मिळतं ते बहुतेक हेच. निगा दोघांची सारखीच.

मांजर असणाऱ्यांसाठी : कोपरखैरण्याला आमच्याकडे दोन बोके आहेत, दिसेल ते पान चावतात. स्नेक प्लांट विषारी म्हणून देऊन टाकलं आणि हे आणलं, हे मांजरांना, कुत्र्यांना विषारी नाही. टोकं कुरतडलीत पण झाड आणि बोके दोघंही छान आहेत.

घोडबंदर रोड. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पट्टा नाही, पिठ्या ढेकूण आहे. सर्जिकल स्पिरिटमध्ये कान साफ करायची कापसाची काडी बुडवून एकेक टिपून काढा, आठवड्याने परत बघा. कुंडी इतरांपासून लांब ठेवा.

ताई, हातात आलेलं झाड टाकलंत का? टाकू नका. मी कळव्याचा, रिटायर झाल्यापासून हेच करतो. मधली पानं दाबून बघा, टणक असतील तर जीव आहे. लिबलिबीत पानं सगळी ओढून काढा, खालचा तपकिरी भाग स्वच्छ ब्लेडने कापत जा, आतून पांढरा-हिरवट गाभा दिसेपर्यंत. मग पंख्याच्या वाऱ्यावर पाच-सहा दिवस कोरडं ठेवा, जखम भरून येऊ दे. नंतर कोरड्या भरड वाळूवर नुसतं टेकवा, पाणी अजिबात नाही. पानांत त्याचं स्वतःचं पाणी असतं, त्यावर ते महिना-दोन महिने काढतं. मुळं फुटली की मगच पहिलं पाणी, तेही थोडंसं. माझी तीन अशीच वाचली, एक गेलं कारण मला धीर धरवला नाही आणि आठव्या दिवशी पाणी घातलं.

काका, टाकलं नव्हतं, गॅलरीत पेपरवर पडलं होतं! मधली पाच पानं टणक निघाली. आजच कापलं आणि पंख्याखाली ठेवलंय. दुसऱ्याचीही माती बदलली, त्याची मुळं अजून पांढरी आहेत.

अपडेट, गणपती झाले. वाळूवरून हलकेच उचलून बघितलं, खाली दोन जाडसर पांढरी मुळं, नखाएवढी. काका, आता पाणी घालू का अजून थांबू?

अजून दहा दिवस थांबा ताई.