मदत हवी आहे: संत्र्याचा आरएनए कोडिंग की नॉनकोडिंग? टूल्सचं एकमत होत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला पीएचडी करतेय. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलेल्या आणि निरोगी संत्राझाडांचा आरएनए सीक्वेन्सिंग डेटा आहे, ट्रिनिटी या सॉफ्टवेअरने असेंब्ली केली, म्हणजे वाचलेले छोटे तुकडे जोडून लांब आरएनए बनवले. त्यातून २०० बेसपेक्षा लांब नॉनकोडिंग (प्रथिन न बनवणारे) आरएनए वेगळे काढायचेत आणि गाडी तिथेच अडलीये.

एक ट्रान्सक्रिप्ट (असा जोडलेला आरएनए) बघा. रीडिंग फ्रेम (प्रथिनासाठी तीन-तीन बेसनी वाचता येणारा भाग) पहिल्याच बेसपासून सुरू होते, ७१ अमिनो आम्लांनंतर स्टॉप कोडॉन (थांबण्याची खूण) येतो, पण एटीजी (सुरुवातीची खूण) कुठेच नाही. कोडिंग की नॉनकोडिंग ते सांगणाऱ्या टूल्सपैकी सीपीसी२ म्हणतं नॉनकोडिंग, प्लेक म्हणतं कोडिंग. रोगट झाडांत हा भरपूर आहे, निरोगी झाडांत जवळजवळ नाहीच, म्हणून सोडवत नाही.

सीपॅट या तिसऱ्या टूलसोबत माणूस, उंदीर, फळमाशी आणि झेब्राफिश यांचीच मॉडेलं येतात. माणसासाठीचा ०.३६४ हा कटऑफ (ज्याच्या वर कोडिंग धरायचं तो स्कोअर) संत्र्याला लावणं मला अजिबात पटत नाही.

लॅबमध्ये सल्ला मिळाला की १०० अमिनो आम्लांखालचं सगळं नॉनकोडिंग धर. पण मायोरेग्युलिन हे स्नायूंतलं प्रथिन फक्त ४६ अमिनो आम्लांचं आहे आणि २०१५ पर्यंत त्याचा आरएनए नॉनकोडिंगच समजला जात होता! चुकीचं लेबल एकदा डेटाबेसमध्ये गेलं की पुढचे सगळे तेच उचलतात. तिन्ही टूल्सचं बहुमत घ्यावं का?

प्रतिसाद:

ताई, बहुमताच्या भानगडीत पडू नका. सीपॅट आणि सीपीसी२ दोघंही ओआरएफची (सलग रीडिंग फ्रेमची) लांबी आणि फिकेट स्कोअर (बेसच्या मांडणीवरून काढलेला कोडिंगचा अंदाज) बघतात, त्यामुळे ती दोन स्वतंत्र मतं नाहीतच. सीपीसी२ शिवाय ओआरएफला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत का तेही तपासतं. प्लेक ओआरएफकडे बघतच नाही, १ ते ५ बेसचे तुकडे मोजतं. तुमचा ट्रान्सक्रिप्ट ५ प्राइम (सुरुवातीच्या) टोकाला तुटलेला असावा, भांडण बहुतेक त्याचंच आहे.

मोसंबीच्या प्रजातीचा जीनोम २०१३ मध्येच प्रसिद्ध झालाय. त्यावर हा ट्रान्सक्रिप्ट बसवा आणि वरच्या बाजूला जोडणारे रीड्स (सीक्वेन्सिंगचे छोटे तुकडे) सापडतात का बघा. एटीजीसकट आधीचा एक्झॉन (जनुकाचा आरएनएत राहणारा भाग) मिळाला तर पूर्ण सीक्वेन्स पीफॅम या प्रथिन-कुटुंबांच्या डेटाबेसवर तपासा. लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) स्ट्रँड-स्पेसिफिक, म्हणजे डीएनएच्या कोणत्या धाग्यावरून आरएनए आला ते सांगणारी, नसेल तर उलट्या धाग्याचीही शंका धरा. सीपॅट हवंच असेल तर सिट्रसच्या (संत्रा-लिंबू वर्गाच्या) सीक्वेन्सवर नव्याने ट्रेन करून कटऑफ स्वतः काढा.

आणि तोवर त्याला नॉनकोडिंग लिहू नका, 'अनिश्चित' असा वेगळा रकाना ठेवा. रायबो-सीक (रायबोसोम ज्यावर बसलेत ते आरएनएचे तुकडे वाचण्याची पद्धत) करता आलं तर प्रथिन बनवणारा रायबोसोम त्यावर बसतो का ते थेट दिसेल.