पोरांना फुटबॉलचं प्रेम नाही?

ईएसपीएनचा कॉमेंटेटर कर्क हर्बस्ट्रीट बरोबरच बोलला, अमेरिकन कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या आजकालच्या पोरांना फुटबॉलचं प्रेमच नाही म्हणून ती बोल गेम (सीझनच्या शेवटी होणारे खास सामने) सोडतात, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. तो हे बोलला १ जानेवारी २०२२ ला, आणि त्याच रात्री शुगर बोलमध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघाचा मॅट कोरल, जो ड्राफ्ट (प्रो संघ कॉलेजच्या पोरांना निवडतात तो) तोंडावर असूनही खेळायला उतरला होता, पहिल्याच क्वार्टरमध्ये घोटा दुखावून बाहेर गेला आणि नंतर कुबड्या घेऊन साइडलाइनला उभा, बघवत नव्हतं हो! जेलन स्मिथ आठवतोय ना, २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये गुडघा गेला आणि ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये निवडला जाईल असा पोरगा थेट ३४ व्या नंबरवर घसरला, केवढे डॉलर बुडाले असतील. आणि कोच ब्रायन केली २०२१ च्या सीझनला बोलच्या आधीच नोत्र दाम विद्यापीठाचा संघ सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेला, त्याला का नाही कुणी प्रेमाचं विचारलं?