चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी शपथ घेण्याची तयारी दाखवली, तिथेच ते चुकले का?

पानसुपारी: १८८० च्या एप्रिलमध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेले ब्रॅडलॉ हे जाहीर नास्तिक होते. आपल्याकडचे आमदार ईश्वराचे नाव न घेता ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणून मोकळे होतात, तीच मुभा त्यांनी ३ मे रोजी मागितली आणि सभागृहाच्या समितीने ती नाकारली. इथवर त्यांची बाजू निर्विवाद होती. मात्र त्यानंतर, शपथेतला ईश्वराचा उल्लेख आपल्या लेखी निरर्थक असला तरी आपण शपथ घेऊ, असे पत्र त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणले आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले; सभागृहाने त्यांना शपथही घेऊ दिली नाही. जो माणूस शब्दांना पोकळ म्हणतो, त्याच्यावर त्या शब्दांचे बंधन कसे राहणार, या प्रश्नाला त्यांच्याकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते.

उंबरठा: असहमत. नॉर्दॅम्प्टनमधूनच निवडून आलेले दुसरे सभासद हेन्री लॅबूशेर हेही श्रद्धाळू नव्हते, पण त्यांनी मुकाट्याने शपथ घेतली तेव्हा कोणाचाच धर्म बुडाला नाही. विरोधी हुजूर पक्षाचे सभासद लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनी भर सभागृहात ब्रॅडलॉंची पुस्तिका जमिनीवर फेकून पायाखाली तुडवली, ती पुस्तिका तर राजघराण्याविरुद्ध होती. तेव्हा खरा राग राजसत्ताविरोधी आणि संततिनियमनाच्या पुस्तकापायी ॲनी बेझंट यांच्यासह खटल्याला सामोरे गेलेल्या या माणसावर होता. पत्र हे निमित्त. पत्र लिहिले नसते तर दुसरे काही सापडले असते.

पानसुपारी: निमित्त आपणच पुरवावे का? फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांनी स्वतः आणलेला बायबलचा ‘नवा करार’ हातात घेऊन, कोणी बोलावलेले नसताना, आपली आपणच शपथ घेतली. हा प्रकार मला थेट नाटकी वाटतो. पुढच्या वर्षी सभासदांना दृढकथनाची मुभा देणारे विधेयक अवघ्या तीन मतांनी पडले. काठावरच्या दोघातिघांना या नाटकाने बिचकवले नसेल, असे मला तरी म्हणवत नाही.

उंबरठा: नाटकी म्हणा, पण त्याआधी जून १८८० मध्ये त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडले होते, आणि ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी अंगावरचा कोट फाटेपर्यंत ओढत बाहेर काढले होते. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत होते. त्यांनी तत्त्वासाठी घरी बसायचे असते, तर त्या मतदारांनी काय करायचे होते? अखेर १८८६ मध्ये शपथ घेऊनच ते आत गेले, आणि १८८८ चा दृढकथनाचा कायदा त्यांनीच करवून घेतला. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांचे जे स्वागत झाले, तेही पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानची बाजू मांडणारा सभासद म्हणूनच.

पानसुपारी: १८८८ च्या कायद्याचे श्रेय निःसंशय त्यांचे. पण १८८६ मध्ये शपथही तीच होती आणि ब्रॅडलॉही तेच होते. बदलले होते ते सभापती. नवे सभापती आर्थर पील यांनी कोणाला आक्षेपच घेऊ दिला नाही. म्हणजे दार उघडले ते पील यांच्या निर्णयाने, त्या पत्राने नव्हे.