रात्रीची लाईट आणि दारं धरणं : तुमचे अनुभव लिहा

दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास, आणि तीही फिरती पाळी. शेतीच्या लाईटीचं हे वेळापत्रक आपल्याला तोंडपाठ असतं. मी सिन्नरकडचा. एका डिसेंबरात रात्री बाराला मोटार चालू केली, गव्हाची दारं धरता धरता, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवता वळवता, बांधावर टेकलो आणि डोळा लागला. जाग आली तोवर पाण्यानं पाटाचा दांड फोडला होता आणि शेजारच्या रानात पातीखाली झाकलेल्या कांद्यात शिरलं होतं. सकाळी त्या काकांना तोंड कसं दाखवू कळेना. ते एवढंच म्हणाले, "पाट्या आण." दोन्ही घरच्या माणसांनी दुपारपर्यंत कांदा वेचून कोरड्यात पसरला.
हे आपण फारसं कुणाला सांगत नाही. इथं सांगा.

---

आम्ही जुन्नरचे. उसात बिबट्या, त्यामुळं रात्री भरणं द्यायला एकटं कुणी जात नाही. चुलते दारं मोडतात, मी बॅटरी फिरवत मोबाईलवर मोठ्यानं भजन लावतो. एकदा सरीच्या टोकाला दोन डोळे चमकले. चुलत्यांनी माझं मनगट असं धरलं की सकाळी वळ दिसत होते. अर्धा ऊस तसाच कोरडा ठेवून घरी आलो.

---

रात्री रानात मी कमी गेले, पण जागले प्रत्येक पाळीला. हे निघाले की उंबऱ्यात बसून बॅटरीचा उजेड बघायचा. हलतोय तोवर जिवाला बरं. एका रात्री तो एकाच जागी थांबला. हाका मारल्या, ओ नाही. थोरल्याला उठवून पळत गेले. हे बांधावर बसलेले, म्हणाले, "मुंगी चावल्यागत झालं, झोप येतीय." पापण्या उचलत नव्हत्या. माझ्या माहेरी मण्यार साप चावून माणूस गेलेला मी पाहिलाय, ती झोप मला ओळखू आली. भगताचं नाव काढू दिलं नाही. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि तालुक्याला नेलं. इंजेक्शनं मिळाली, तीन दिवसांनी घरी आले. आता दाराशी गमबूट असतात, ते घातल्याशिवाय मी बॅटरी हातात देत नाही.

---

आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, आता सौरची लाईट आहे, दिवसाच मिळते. आप्पा अजून रात्री एकला उठतात. ओट्यावर जरा बसतात, विहिरीकडं बघतात आणि परत आडवे होतात.