गोदाकाठच्या जुन्या वाड्यात मुक्काम : वयस्कर आई-वडिलांना घेऊन कधी जावे?

इंदिरानगर_नाशिक

नमस्कार. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठावर असलेल्या एका पेशवेकालीन वाड्याचा काही भाग मालकांनी दुरुस्त करून मुक्कामासाठी खुला केला आहे. माझ्या वडिलांचे बालपण अशाच एका वाड्यात गेले आणि तो वाडा आता उभा नाही, म्हणून त्यांना घेऊन तेथे दोन रात्री राहावे अशी मनापासून इच्छा आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आणि शाळकरी मुले असतील. दिवाळीच्या सुट्टीत जावे की डिसेंबरअखेरीस? मुलांना नदीत उतरता येईल का? आणि पैसे भरण्यापूर्वी मालकांना नेमके काय विचारावे?

कादवाकाठ

आपण पावसाळा टाळला आहे, हे उत्तम. गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांतून एकाच वेळी विसर्ग वाढला की सायखेडा आणि चांदोरी येथे पाणी गावात शिरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते साऱ्या जिल्ह्याने पाहिले. त्यामुळे वाडा नदीपासून किती अंतरावर आहे यापेक्षा त्या दोन वर्षी पाणी वाड्याच्या कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे मालकांना विचारावे. जुन्या घरांतील माणसे ती खूण हात लावून दाखवतात.

डिसेंबरअखेरीबद्दल मात्र सावध करतो. राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा निफाडच्या नावावर असते आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा काही पहाटे पाच अंशांच्याही खाली उतरतो. उघड्या चौकाच्या वाड्यात ती थंडी थेट आत येते. अशा वेळी कोणी प्रेमाने कोळशाची शेगडी आणून दिली, तरी ती बंद खोलीत ठेवून झोपू नये. धूर दिसत नसला, तरी निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने जीव जातो. वयस्कर माणसे बरोबर असताना मी दिवाळीनंतरचा पंधरवडाच निवडेन.

मुलांना नदीत उतरवू नका. शहराचे सांडपाणी वाहत खाली येते, पाणवेलींचे थर साचतात आणि वरून पाणी सोडले तर पात्र पाहता पाहता वाढते. घाटाच्या पायऱ्यांवर मोठ्यांनी सोबत बसावे, तेवढे पुरे.

जोते_आणि_कडीपाट

जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम मी करतो, म्हणून वाड्याविषयी लिहितो. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि विटामातीच्या जाड भिंती, अशी या भागातील वाड्यांची सर्वसाधारण बांधणी असते. अशा भिंती ओल घेतात आणि हळूहळू बाहेर सोडतात. त्यांच्यावर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर ओल आतच कोंडते, मग रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खोलीला कुबट वास येतो. दुरुस्ती चुन्याने केली की सिमेंटने, एवढ्या एका प्रश्नावरून मालकांनी घर किती समजून घेतले आहे ते कळते. भिंतीच्या खालच्या भागात थोडी ओल दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, तुळयांखाली लाकडाचा बारीक भुसा पडत असेल तर ती खोली बदलून मागावी.

आपल्या आईंसाठी माडीवरची खोली घेऊ नका, तेथून नदी कितीही सुंदर दिसत असली तरी. वाड्यांचे जिने भिंतीच्या पोटातून जाणारे, अरुंद आणि अंधारे असतात, पायऱ्याही उंच असतात. शिवाय शौचालय खोलीला लागून आहे की चौक ओलांडून जावे लागते, हे स्पष्ट विचारा. मूळ वाड्यात ते घरापासून दूर असे आणि दुरुस्तीत सगळेच मालक ते आत आणत नाहीत.

चक्रवाक

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य जवळ आहे, ते चुकवू नका. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळ जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि तो मिळवणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. हिवाळी पाहुणे पक्षी दिवाळीनंतर येऊ लागतात. पहाटे चापडगावच्या बाजूने जावे. चांदोरीला नदीपात्रातील दगडी मंदिरे आहेत, पण ती पाणी उतरल्यावरच उघडी पडतात. त्यामुळे मुलांना आधीच शब्द देऊ नये.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचे आहे. गोदाकाठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडल्यावर मुलांना वाड्याच्या दिंडी दरवाजाबाहेर एकटे सोडू नका आणि शेतातून पायी फिरणे सूर्यास्तापूर्वी आटोपा.

इंदिरानगर_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालकांशी आज बोललो. २०१९ मध्ये पाणी घाटाच्या वरच्या टप्प्यापर्यंत आले होते, ओसरीला लागले नव्हते, आणि भिंती चुन्यानेच दुरुस्त केल्या आहेत. तळमजल्यावर माजघराशेजारची खोली मिळते. शौचालय मात्र चौकापलीकडे आहे. रात्री चौकात दिवा चालू ठेवण्याची आणि वाटेवर हाताला आधार म्हणून दोर बांधण्याची तयारी त्यांनी दाखवली. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातील दोन रात्री ठरवल्या आहेत.

जोते_आणि_कडीपाट

दोर चालेल, पण चौकाची फरशी दवाने निसरडी होते. आईंसाठी रबरी तळव्यांच्या चपला न विसरता घ्या.