पॉइंट फिफ्टी रायफलींवर बंदी: मेक्सिकोतल्या टोळ्यांना चाप बसेल?

सीमेपलीकडचा
अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलेल्या 'स्टॉप आर्मिंग कार्टेल्स' विधेयकाचा गाभा असा: .५० कॅलिबरच्या (अर्धा इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफली नागरिकांना नव्याने विकायच्या नाहीत, आधीच विकलेल्या १९३४ च्या संघीय बंदूक कायद्याखाली नोंदवायच्या. माझा पाठिंबा. जून २०२० मध्ये मेक्सिको सिटीचे तेव्हाचे पोलीसप्रमुख गार्सिया हारफुच यांच्या चिलखती गाडीवर बॅरेट कंपनीच्या .५० रायफलीनेही गोळीबार झाला. ते वाचले, दोन अंगरक्षक आणि तिथून जाणारी एक बाई गेली. बॅरेटचा कारखाना टेनेसीत. मेक्सिकोत मात्र कायदेशीर बंदूक विकणारी दुकानंच मोजकी, तीही लष्कराची.

ह्यूस्टनचा_बापू
टोळ्यांकडची बहुतेक हत्यारं एआर, एके या हलक्या रायफली आणि पिस्तुलं आहेत. हजारो डॉलरची, तेरा-चौदा किलोची बॅरेट त्यात किती? दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं २०२२ पासून स्वतंत्र संघीय गुन्हा आहे. आधी ते राबवा की!

सीमेपलीकडचा
बापू, एआरची गोळी चिलखती गाडीला सहसा भेदत नाही, फिफ्टीची भेदते. पोलिसांची गाडीच निकामी झाली तर छापा घालणार कोण? आणि थोड्याच आहेत म्हणता, मग त्रासही थोड्याच लोकांना. कॅलिफोर्नियात २००५ पासून बंदी आहे, तिथले नेमबाज काही उपाशी मेले नाहीत.

रोखठोक_काकू
सरकारवर एवढा भरवसा? 'फास्ट अँड फ्युरियस' मोहिमेत एटीएफने (बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी संघीय संस्थेने) माग काढायच्या नावाखाली सुमारे दोन हजार बंदुका टोळ्यांकडे जाऊ दिल्या. २०१६ मध्ये मेक्सिकन टोळीप्रमुख एल चापोच्या अड्ड्यावर सापडलेली फिफ्टी त्यातलीच!

सीमेपलीकडचा
काकू, उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत. एटीएफने डोळेझाक केली, ते अक्षम्यच. पण ती रायफल अमेरिकेतल्या दुकानातून रीतसर कागद भरून बाहेर पडली होती. दुकानात नसती तर एटीएफ काय जाऊ देणार होतं? आणि कारखानदारांना कोर्टात खेचायची वाटही जवळपास बंद: मेक्सिकोचा दावा सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये एकमताने फेटाळला.

ह्यूस्टनचा_बापू
फेटाळला, कारण कंपन्यांनी गुन्ह्याला मदत केल्याचं दाव्यातून दिसलंच नाही. बरं, आधी विकलेल्यांची नोंद म्हणता. टोळीसाठी ज्याने घेतली, तो येणार आहे नोंदवायला?

सीमेपलीकडचा
नाही येणार. म्हणून तर नवीन विक्री थांबवायची.